गंगा करार : तुटीच्या वर्षाचे कोष्टक आधी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि बांगलादेश यांच्यातील १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराची मुदत १२ डिसेंबर २०२६ रोजी संपते. त्यानंतर बरोबर विसाव्या दिवशी, १ जानेवारीला, ज्या पाच महिन्यांसाठी हा करार मुळात झाला तो हंगाम सुरू होतो. यावर मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात दोनच सूर कानी पडतात. 'सिंधू करार स्थगित केला तसा हाही गुंडाळा' हा एक, आणि 'शेजारधर्म पाळा' हा दुसरा. करारात नेमके काय लिहिले आहे आणि ते कुठे अडते याची चर्चा दोन्हींत नाही, म्हणून हे पत्र.

आधी 'पाणी बंद करा' या मागणीबद्दल. हे पाणी जिथे वाटले जाते ते फराक्का धरण नाही, बॅरेज आहे. मुर्शिदाबाद जिल्ह्यात, सीमेच्या थोडे वर, सव्वादोन किलोमीटर लांबीची ही दारांची रांग; दारे १०९. पाणी साठवायला तिच्यामागे जलाशय असा नाहीच. पातळी ठराविक उंचीपर्यंत चढवायची आणि उजव्या काठाच्या ३८ किलोमीटरच्या फीडर कालव्यातून पाणी भागीरथीत, पुढे हुगळीत, कोलकाता बंदराकडे वळवायचे, एवढेच तिचे काम. त्या कालव्याची क्षमता ४० हजार क्युसेक. त्याहून जास्त पाणी भारताने ठरवले तरी वळवता येत नाही. पावसाळ्यात नदीला लाखो क्युसेक पाणी असते, तेव्हा दारे उघडीच असतात. त्यामुळे दर ऑगस्टमध्ये ढाक्यात उठणारी 'भारताने १०९ दारे उघडून आम्हाला बुडवले' ही हाकाटी जितकी निराधार, तितकीच आपल्याकडची 'नळ बंद करा' ही घोषणाही. सिंधू कराराची रचनाही वेगळी होती. तिथे रावी, बियास, सतलज आपल्याकडे आणि पश्चिमेच्या तीन नद्या मुख्यतः पाकिस्तानकडे, अशी नद्यांचीच फाळणी केली होती. इथे एकाच नदीचे पाणी, एकाच जागी, दर दहा दिवसांनी वाटायचे आहे.

ते वाटायचे कसे, हे कराराच्या पहिल्या परिशिष्टात तीन ओळींत आहे. फराक्क्याला येणारी आवक ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेले भारताला. ७५ हजारांच्या वर भारताला ४० हजार, उरलेले बांगलादेशला. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो : ३५ हजार क्युसेक दहा दिवस सोडले तर सुमारे ३० टीएमसी पाणी होते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याची चारही धरणे काठोकाठ भरली तर २९ टीएमसीच्या आसपास भरतात.

या तीन ओळींखाली एक अट आहे, आणि सगळी गुंतागुंत तिथेच आहे. १ मार्च ते १० मे या काळात दोन्ही देशांना आलटून-पालटून तीन-तीन दशकांत, म्हणजे दहा-दहा दिवसांच्या पाळ्यांत, ३५ हजार क्युसेकची हमी. ११ ते २० मार्च, १ ते १० एप्रिल आणि २१ ते ३० एप्रिल या पाळ्या बांगलादेशच्या. २१ ते ३१ मार्च, ११ ते २० एप्रिल आणि १ ते १० मे या आपल्या. दुसऱ्या परिशिष्टातले कोष्टक पाहा. ११ ते २० एप्रिलला सरासरी आवक ६२,६३३ : भारताला ३५,०००, बांगलादेशला २७,६३३. पुढच्याच पाळीत आवक ६०,९९२ : बांगलादेशला ३५,०००, भारताला २५,९९२. कागदावर हे न्याय्य दिसते, आणि सरासरी वर्षात आहेही. पण आवक ५२ हजारांवर उतरली की काय होते ते हिशेब करून पाहा. भारताच्या पाळीत बांगलादेशला १७ हजार, आणि ती पाळी संपताच एका रात्रीत ३५ हजार. फीडर कालव्यात नेमके उलटे. नदी अशी जिन्याच्या पायऱ्यांसारखी वर-खाली केली की भिजलेले काठ पाणी झपाट्याने उतरल्यावर आतल्या ओलीच्या दाबाने ढासळतात. कोणत्याही कालवा निरीक्षकाला हे पाठ असते. म्हणून तर आपण आवर्तन बंद करताना कालवा टप्प्याटप्प्याने उतरवतो. पाळी बदलताना विसर्ग तीन-चार दिवसांत टप्प्याटप्प्याने बदलावा, एवढी एक ओळ नव्या करारात घातली तर दोन्ही बाजूंचे नुकसान टळेल आणि कोणाचा एक थेंबही कमी होणार नाही.

त्या कोष्टकातल्या आवकीचे आकडे कुठून आले, हा पुढचा प्रश्न. ते १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीचे आहेत. बॅरेज चालू झाले एप्रिल १९७५ मध्ये, म्हणजे त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे फराक्क्याच्या आधीची. तेव्हापासून उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये किती विंधन विहिरी आणि नलिका विहिरी झाल्या ते वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात गंगेत वाहणारे पाणी केवळ हिमालयातल्या बर्फाचे नसते, बरेचसे काठच्या जमिनीतून नदीत पाझरलेले असते. भूजल खाली गेले की हा पाझर आटतो आणि मग नदीच जमिनीला पाणी देऊ लागते. टिहरीसारखे धरण उन्हाळ्यात थोडे पाणी वाढवते हे खरे, पण वरचे कालवे आणि पंप ते वाटेतच संपवतात.

'सरासरी' हाच शब्द इथे फसवा आहे. महाराष्ट्राला हे नवे नाही. कृष्णेच्या बच्छावत लवादाने सरासरी धरली नव्हती, ७५ टक्के विश्वासार्हता धरली होती. म्हणजे चारपैकी तीन वर्षे जेवढे पाणी मिळेलच तेवढे. त्यातून २०६० टीएमसी निघाले आणि महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८०० असे वाटप झाले. सरासरीवर वाटणी केली की ढोबळमानाने दर दुसऱ्या वर्षी कोणीतरी 'माझे पाणी चोरले' म्हणणार, आणि प्रत्यक्षात चोरी झालेलीच नसणार. मागच्या तीस वर्षांतली निम्मी भांडणे या जातीची आहेत. त्यामुळे नव्या कोष्टकासाठी अलीकडच्या वर्षांची माहिती घ्यावी आणि सरासरीऐवजी विश्वासार्हतेचा आकडा घ्यावा. बांगलादेशला हे आवडणार नाही, कारण कागदावरचा आकडा उतरेल. पण कागदावर ६२ हजार आणि नदीत ५० हजार यापेक्षा ते बरे.

आता मुख्य मुद्दा. आवक ५० हजार क्युसेकच्या खाली गेली तर? करार म्हणतो : दोन्ही सरकारांनी ताबडतोब विचारविनिमय करून, न्याय, रास्तपणा आणि कोणालाही इजा न होणे या तत्त्वांवर तातडीची जुळवाजुळव करावी. बस्स. आकडा नाही, पायरी नाही, मुदत नाही. ३५ हजारांच्या हमीचे तेव्हा काय होते, तेही नाही. शिवाय अट 'दहा दिवसांच्या कोणत्याही पाळीत' अशी आहे. पाळीचा आकडा अकराव्या दिवशी हाती येतो, तोवर ती पाळी सरलेली असते आणि दुसऱ्याची हमीची पाळी सुरू झालेली असते. मग परराष्ट्र खात्यांची पत्रे, समितीची बैठक, तोवर मे उजाडतो.

इतिहासही पाहायला हवा. १९७७ च्या पाच वर्षांच्या करारात बांगलादेशला वेगळी हमी होती : आवक कितीही घटली तरी ठरलेल्या वाट्याच्या ८० टक्क्यांहून कमी मिळणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या दशकातला वाटा तेव्हा ३४,५०० होता, त्याचे ८० टक्के म्हणजे २७,६००. १९८२ च्या सामंजस्य करारात ही हमी गेली, १९९६ मध्येही आली नाही. ती परत हवी ही ढाक्याची जुनी मागणी आहे. आमच्या मते ती जशीच्या तशी मान्य करू नये. आवक ४५ हजार झाली तर २७,६०० देऊन फीडर कालव्यात १७,४०० उरतील, आणि आवक त्याहून घटली की पुढची सगळी तूट एकाच्या खांद्यावर. मात्र 'तेव्हाचे तेव्हा पाहू' हे त्यावरचे उत्तर नव्हे. तूट कशी वाटायची याचे कोष्टक नदी भरलेली असतानाच लिहून ठेवावे, हे उत्तर आहे.

असे कोष्टक कसे दिसते याचे एक चालते उदाहरण कोलोरॅडो नदीचे आहे. १९४४ च्या करारानुसार अमेरिका मेक्सिकोला दरवर्षी १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी पाणी देते. मूळ करारात दुष्काळाबद्दल मोघम वाक्य होते, आपल्यासारखेच. पण करार न उघडता पोटठराव जोडण्याची सोय त्यात आहे. २०१२ आणि २०१७ च्या पोटठरावांनी लेक मीड जलाशयाची पातळी हीच मोजपट्टी केली. पातळी १,०७५ फुटांवर किंवा खाली गेली की मेक्सिकोला ५० हजार एकर-फूट कमी, १,०५० च्या खाली ७० हजार कमी, १,०२५ च्या खाली १ लाख २५ हजार कमी. अमेरिकेतल्या राज्यांनाही त्याच पातळ्यांवर कपात. पातळी कोणालाही रोज बघता येते, त्यामुळे कपात लागू झाली की नाही यावर वाद उरत नाही.

दुसरे उदाहरण घरचेच, आणि वाचकांच्या अधिक ओळखीचे. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे, हे मेंढेगिरी समितीच्या कोष्टकाप्रमाणे ठरते. २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने त्याला बळ आले. त्यावरून मोर्चे निघतात, उच्च न्यायालयापर्यंत जाणे होते, सगळे खरे. पण भांडण कोष्टकातल्या आकड्यावर होते, 'कोष्टक आहे की नाही' यावर होत नाही. आणि पाणी सोडताना नदीवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे काढावे लागतात, काठच्या पंपांची वीज तोडावी लागते. नाहीतर सोडलेले पाणी पैठणला पोचतच नाही. गंगेच्या करारात याला समांतर असे फक्त एक कलम आहे : फराक्क्यापासून दोन्ही काठ बांगलादेशात जातात त्या जागेपर्यंत भारताने २०० क्युसेकहून जास्त पाणी वापरू नये.

गंगेसाठी आम्ही सुचवतो ते असे. निकष दहा दिवसांच्या आकड्याचा नको, सलग तीन दिवसांच्या सरासरीचा हवा. ती ५५ हजारांखाली गेली की दोन्हींकडच्या ३५ हजारांच्या हम्या आपोआप स्थगित व्हाव्यात आणि वाटणी निम्मी-निम्मी व्हावी. ५० हजारांखाली गेली की निम्मी वाटणी तशीच ठेवून, नदीत राखायचा किमान प्रवाह आधी बाजूला काढावा आणि उरलेले वाटावे. ४५ हजारांखाली गेली तर वरच्या कालव्यांची ठरावीक टक्के कपात सुरू व्हावी. यातले आकडे वादाचे आहेत, हे कबूल. पायऱ्या मात्र हव्याच.

किमान प्रवाह कशासाठी, हे गोराईच्या मुखाशी जाऊन समजते. कुष्टियाजवळ गंगेपासून फुटणारी ही शाखा खुलना आणि सुंदरबनला गोडे पाणी नेते. तिच्या मुखाशी वाळूचा उंबरठा आहे. गंगेची पातळी त्या उंबरठ्याखाली उतरली की गोराईत पाणी शिरतच नाही, अर्धे किंवा पाव नव्हे, शून्य. मग खालून समुद्राचे खारे पाणी वर चढते. म्हणजे महिन्याची सरासरी चांगली असूनही दहा दिवसांच्या एका खोल खड्ड्याने नुकसान होऊन जाते. भेडामारा येथील गंगा-कबदक उपसा योजनेच्या पंपांचेही तेच. पातळी ठराविक उंचीच्या खाली गेली की पंप पाणी ओढू शकत नाहीत. सरासरी राखणारा आणि तळ न राखणारा करार इथे निरुपयोगी ठरतो.

वरच्या कालव्यांचा मुद्दा दिल्लीला सर्वांत अवघड जाणार. करारात 'वरच्या अंगाच्या देशाने फराक्क्याला चाळीस वर्षांच्या सरासरीइतका प्रवाह राखण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा' असे म्हटले आहे, पण प्रयत्न कोणी करायचा? हरिद्वारचा कालवा १८५४ चा, नरोऱ्याचा त्यानंतरचा, शिवाय शारदा, सोन, गंडक, कोसीचे कालवे. पाणी हा राज्यांचा विषय. घटनेच्या अनुच्छेद २५३ खाली संसदेला करार राबवण्यासाठी कायदा करता येतो, पण तसा कायदा झालेला नाही, आणि उत्तर प्रदेशचा कालवा अमुक टक्के बंद करा असे सांगायला गंगा खोऱ्यात जायकवाडीसारखी यंत्रणा नाही. १९९६ मध्ये ज्योती बसूंना सोबत घेतले म्हणून करार झाला. २०११ मध्ये तिस्तेच्या वेळी पश्चिम बंगालची संमती शेवटच्या क्षणी हुकली आणि ते आजतागायत अडले. जून २०२४ मध्ये गंगा कराराच्या नूतनीकरणासाठी तांत्रिक चर्चा जाहीर होताच ममता बॅनर्जींनी राज्याला विचारले नाही म्हणून पंतप्रधानांना पत्र लिहिले. बिहारची तक्रार आणखी वेगळी : बॅरेजमागे गाळ साचून पूर चढतो. मालद्यात डावा काठ खचतो, मुर्शिदाबादेत खालचे काठ जातात. करारात गाळाबद्दल एकही कलम नाही. आज करार राबवणाऱ्या दोन्ही देशांच्या संयुक्त समितीत या राज्यांचे अधिकृत स्थान निश्चित करणे हे ढाक्याशी बोलण्याइतकेच तातडीचे आहे.

मोजणीबद्दल थोडे, कारण संशयाचे मूळ तिथे आहे. फराक्क्याखाली, फीडर कालव्यात, नौकानयनाच्या लॉकमध्ये आणि बांगलादेशात हार्डिंज पुलापाशी, अशा ठिकाणी दोन्ही देशांची पथके रोज प्रवाह मोजतात. पद्धत तीच जुनी : पात्राच्या आडव्या छेदाचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात खोलीच्या दोन-दशांश आणि आठ-दशांशवर वेग घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचे, बेरीज करायची. वाळूचे पात्र असल्याने तळ हलतो आणि पातळीवरून प्रवाह काढण्याचा तक्ता वारंवार नव्याने बसवावा लागतो. तो शिळा झाला की आकडा चुकतो. उत्तम मोजणीतही पाच टक्के इकडे-तिकडे होतात. ३५ हजारांचे पाच टक्के म्हणजे १,७५० क्युसेक, वर सांगितलेल्या २०० क्युसेकच्या मर्यादेच्या जवळजवळ नऊपट. फराक्का आणि हार्डिंज यांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. वाटेत गोदागाडीला महानंदा मिळते, वाळूत पाणी मुरते-पाझरते, आणि पाणी पोचायला वेळ लागतो. हा फरक चोरीचा पुरावा नाही. पण हे लोकांना पटायचे तर आकडे उघडे हवेत. कृष्णेतल्या धरणांचा विसर्ग सांगलीचा माणूस मोबाइलवर रोज पाहतो. गंगा खोऱ्याची माहिती मात्र आपल्याकडे गोपनीय वर्गात मोडते, त्यामुळे फराक्क्याचा आकडा भारतीय वाचकाला ढाक्याच्या बातम्यांतून कळतो, तोही त्यांच्या मल्लिनाथीसह. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाची माहिती चीनने २०१७ मध्ये डोकलामच्या वेळी दिली नाही तेव्हा आपण जी तक्रार केली, तीच इथे खालच्या अंगाचा देश आपल्याबद्दल करतो. रोजची आवक आणि दोन्हींकडचा विसर्ग संध्याकाळी सहाला संकेतस्थळावर टाकायला एक लिपिक पुरे.

शेवटी मुदतीचे. दहा वर्षांचा करार असो की तीसचा, आम्हाला त्यात फारसा फरक दिसत नाही. दर पाच वर्षांनी आढाव्याचे कलम जुन्यातही आहेच, आणि आढाव्यानंतर एकमत झाले नाही तर बांगलादेशला सूत्राप्रमाणेच्या वाट्याच्या किमान ९० टक्के पाणी सोडत राहावे असेही लिहिले आहे. पण मुदत संपून नवा करार झाला नाही तर काय, याबद्दल काहीच नाही. परस्परसंमतीने नूतनीकरण, एवढेच. १९८८ ते १९९६ अशी आठ वर्षे कोणताही करार नव्हता, हे विसरता येत नाही. वाटाघाटी लांबल्या तर निदान दोन ओळींचे पत्र डिसेंबरपूर्वी व्हावे : नवा करार होईपर्यंत जुने सूत्र आणि संयुक्त मोजणी चालू राहील. नाहीतर १ जानेवारीला फराक्क्याच्या मोजपट्टीपाशी भारतीय पथक एकटेच उभे असेल, हार्डिंज पुलाखाली बांगलादेशचे एकटे, आणि मार्चअखेर दोघांच्या वह्यांत दोन वेगळे आकडे असतील.

आपले,
दोन निवृत्त पाटबंधारे अभियंते, पुणे